दुसऱ्या गल्लीने जाणारा माणूस

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)

  

बऱ्याच जणांचा मेसेज येतो की, दादा, सुखी आणि यशस्वी व्हायचं तर कुठल्या सवयी लावायच्या, त्यावर एक एपिसोड कर ना. सकाळी पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, डायरी लिहा, हे सगळं सांगणारे रील्स तुमच्याकडे भरपूर आहेत. मी स्वतः आठला उठतो, त्यामुळे त्या विषयावर मला बोलायचा अधिकार नाही. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती शिकायला मला दोन लाख चार हजार नऊशे रुपये लागले. आकडा पक्का आहे, कसा ते सांगतो.

आमचं बार्शीला किराणा दुकान आहे. आप्पांचं. दुकानात ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी आहे आणि पाटीच्या बरोब्बर खाली उधारीची वही आहे. लांबडी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. प्रत्येक घराला एक पान. मी लहानपणी त्या वहीतल्या बेरजा तपासायचो. म्हणजे उधारी काय असते हे मला एबीसीडीच्या आधी माहीत होतं असं म्हटलं तरी चालेल.

मग बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली. २०२२ मध्ये हातात ५८ हजार पगार येत होता. एकट्या माणसाला भरपूर. आता ऐका हं, यात कुणी व्हिलन नाहीये. जुगार नाही, ट्रेडिंग नाही, व्यसन नाही. झालं एवढंच की आम्ही फ्लॅट बदलला. दोन महिन्यांचं डिपॉझिट, ब्रोकरेज, टेम्पो, सेकंड हँड फ्रिज, गादी. माझ्या वाट्याचे सत्तर हजारांच्या आसपास गेले, आणि ते मी ॲपवरून जिथे जमेल तिथे क्रेडिट कार्डने भरले. पुढच्या महिन्यात बिल आलं. त्यात दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, आणि दुसरी ‘किमान देय’, म्हणजे मिनिमम ड्यू. मी दुसरा आकडा भरला. म्हटलं, एक महिना तर आहे.

इथे जरा थांबू, कारण हे गणित बऱ्याच इंजिनिअर लोकांनाही माहीत नसतं. मला नव्हतं.

माझ्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज होतं. महिन्याला, बरं का. ऐकायला छोटं वाटतं. पण ते व्याजावर व्याज धरून वर्षाला ५१ टक्क्यांच्या वर जातं. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. समजा एक लाख थकलेत. महिन्याचं व्याज ३,५००, त्यावर जीएसटी ६३०. झाले १,०४,१३०. आता तुम्ही पाच टक्के मिनिमम भरलं, साधारण ५,२००. म्हणजे खिशातून पाच हजार दोनशे गेले आणि कर्ज कमी झालं १,०७० रुपयांनी! बाकी सगळं व्याजात आणि करात गेलं.

आणि अजून एक. पूर्ण बिल भरलं नाही की ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी प्रकरण संपतं. मग तुम्ही नवीन चहा जरी कार्डावर घेतलात तरी त्यावर घेतल्या दिवसापासून व्याज चालू. हे मला चार महिन्यांनी कळलं.

मिनिमम ड्यूची गंमत अशी की तुम्ही ते वेळेवर भरत राहिलात की कुणी फोन करत नाही. लेट फी लागत नाही. ‘पेमेंट मिळाले, धन्यवाद’ असा गोड मेसेज येतो. सगळं ठीक चाललंय असं वाटतं. मग मी दुसरं कार्ड घेतलं, कारण पहिल्याची लिमिट भरत आली होती. मोबाइल हप्त्यावर घेतला. रूममेटकडून पंधरा हजार घेतले.

मी कामावर ऑन-कॉल असायचो. म्हणजे रात्री सर्व्हर पडला की फोन वाजणार आणि मी उठून बघणार. आमच्या कामात सगळ्यात वाईट काय, तर अलर्ट त्रास देतोय म्हणून तो म्यूट करणं. नवीन मुलांना मी स्वतः हे शिकवायचो. आणि तोच मी बँकेचे मेसेज म्यूट करून ठेवले होते. स्टेटमेंटचा मेल आला की न उघडता आर्काइव्ह. साधारण किती देणं आहे असं कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, एक-सव्वा लाख असेल. आणि खरंच मला तेवढंच वाटत होतं.

मग दिवाळीच्या आधी आप्पांचा फोन आला. २०२२ ची दिवाळी. आप्पा पैशाबद्दल कधी बोलत नाहीत. माझ्या शिक्षणाचे पैसे कुठून आले हे मला आजही नीट माहीत नाही. तर ते म्हणाले, “अरे, दिवाळीचा माल भरायचाय. ह्यावेळी जरा कमी पडतायत. चाळीसेक हजार होतील का तुझ्याकडं? नसतील तर राहू दे.”

‘नसतील तर राहू दे’ हे त्यांनी म्हटलं होतं. मी ते ऐकलंच नाही. मला फक्त एवढंच ऐकू आलं की आयुष्यात पहिल्यांदा बापाने आपल्याकडे काहीतरी मागितलं. मी म्हटलं, “आप्पा, परवा पाठवतो. बोनस आलाय.”

बोनस आला नव्हता. मी एटीएममध्ये गेलो आणि क्रेडिट कार्डावर चाळीस हजार रोख काढले. हे कधीही करू नका. रोख काढली की बिनव्याजी दिवस नसतातच, त्या मिनिटापासून व्याज. वर अडीच टक्के फी, म्हणजे हजार रुपये, आणि फीवर जीएसटी १८०. मला हे ठाऊक होतं. तरी काढले.

दिवाळीला घरी गेलो. लक्ष्मीपूजनाला आमच्या दुकानात वहीची पूजा असते. नवीन वही, पहिल्या पानावर स्वस्तिक, हळदकुंकू. मी शेजारी बसलो होतो आणि आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “ह्या वर्षीचा माल पोराच्या बोनसमधनं भरलाय.” समोरच्या स्टेशनरीवाल्या काकांना सांगितलं. दळणवाल्या मावशींना सांगितलं. एकेकाच्या हातावर पेढा ठेवत होते. मी पण एक खाल्ला. तो अजून घशात आहे असं वाटतं कधीकधी.

त्यानंतर मी घरचे फोन घेणं कमी केलं. आई रात्री नऊला करते. मी साडेदहाला मेसेज टाकायचो, “मीटिंगमध्ये होतो.” इतक्या मीटिंगा तर आमच्या मॅनेजरलाही नसतात.

संक्रांतीला मात्र जावं लागलं. दुपारी आई हळदीकुंकवाला गेलेली, दुकानात आप्पा आणि मी. ते वहीतली जुनी पानं बघत होते. मी सहज विचारलं, “कोण बुडवणार आणि कोण देणार, हे तुम्हाला कसं कळतं?”

ते म्हणाले, “पैसे नसलेला माणूस बुडवतो असं नसतं. नसलेला येतो, समोर उभा राहतो, म्हणतो, ह्या महिन्यात जमत नाही. त्याची मला काळजी नाही. जो दुकानासमोरनं जायचं सोडून दुसऱ्या गल्लीनं जायला लागतो ना, त्याचं पान मी तवाच दुमडून ठेवतो.”

मंडळी, मी काय करत होतो गेले तीन महिने? मेल न उघडणं, फोन न घेणं... दुसरी गल्लीच होती ती.

मी सांगून टाकलं. फार वाईट पद्धतीने सांगितलं. आधी रूममेटचे पैसे, मग मोबाइल, मग कार्डं, आणि सगळ्यात शेवटी बोनसचं. मधेच एक मुलगी शेंगदाणे घ्यायला आली. आप्पांनी अर्धा किलो मोजून दिले, सुट्टे परत केले, आणि येऊन बसले. मला वाटलं आता ओरडतील.

ते म्हणाले, “तू चाळीस पाठवले नसते तर मी माल थोडा कमी भरला असता. एवढंच झालं असतं.”

एवढंच झालं असतं. मी हे वाक्य किती वेळा आठवलं असेल. मी ज्याला एवढं मोठं संकट समजून एटीएममध्ये पळत गेलो, ते त्यांच्या दृष्टीने दोन पोती साखर कमी होतं. मला नुसतं ‘नाहीत’ म्हणायचं होतं.

मग त्यांनी मला एक कोरं पान दिलं. म्हणाले, “लिही. नाव, किती, कधीपासून. अंदाजे नको.” मी फोन काढला, पहिल्यांदा सगळी स्टेटमेंट उघडली. पहिलं कार्ड १,१८,४००. दुसरं ५२,०००. मोबाइलचे उरलेले हप्ते १९,५००. रूममेट १५,०००. बेरीज २,०४,९००. मी सव्वा लाख धरून चाललो होतो! पण खरं सांगू? आकडा बघितल्यावर त्या रात्री मी नीट झोपलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा. का ते मला नीट सांगता येणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे आणि कंटाळवाणंच असायला हवं. दोन्ही कार्डांचे मिळून १,७०,४०० होते. त्यावर महिन्याला नुसतं व्याज आणि जीएसटी सात हजारांच्या वर जात होता. मी बँकेकडून १,७०,००० चं पर्सनल लोन घेतलं, वर्षाला १४ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी. त्याचा पूर्ण हप्ता, मुद्दल धरून, साधारण ८,१६०. म्हणजे कार्डावर जेवढं नुसतं व्याज जळत होतं त्यात हजार-अकराशे घातले की दोन वर्षांत सगळं फिटणार. लोन मिळालं कारण मी एकही तारीख चुकवली नव्हती. तुमच्या तारखा चुकल्या असतील, सिबिल स्कोअर खाली गेला असेल, तर हे इतकं सोपं नाही. तेव्हा बँकेला फोन करून थकबाकी हप्त्यांत बदलून मिळते का विचारा. कार्डापेक्षा व्याज कमी पडू शकतं. इन्स्टंट लोनवाल्या ॲपच्या वाटेला तेवढं जाऊ नका.

एक धोका सांगतो. लोन घेतलं की कार्डं रिकामी होतात, आणि रिकामं कार्ड फार गोंडस दिसतं. मी एक बंद करून टाकलं. दुसऱ्याची लिमिट ॲपमधूनच कमी करून २५ हजारांवर आणली आणि पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावलं. मिनिममचं नाही, पूर्ण रकमेचं. सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय असतात, आत्ता पॉज करून तुमचं बघून घ्या. मी थांबतो.

रूममेटला सांगितलं की महिन्याला तीन हजार देईन. तो म्हणाला, “अरे, मला वाटलं तू विसरलास, म्हणून मीच तुला टाळत होतो.” दोघंही दुसऱ्या गल्लीने!

आता काही जण म्हणतील, तुझे आप्पा समजूतदार आहेत, आमच्या घरी सांगितलं तर रामायण होईल. मान्य. प्रत्येक घरात हे सांगता येत नाही, आणि काही घरांत सांगूही नये. पण एक माणूस शोधा. मामा, ताई, ऑफिसमधला एखादा सीनिअर. त्याच्याकडे पैसे मागू नका, फक्त आकडा मोठ्याने सांगा. आणि सांगताना माझ्यासारखं सगळ्यात लाजिरवाणं शेवटी ठेवू नका. तेच आधी सांगा, कारण त्याच्या आधीचं सगळं ऐकताना समोरच्याला कळत असतं की अजून काहीतरी राहिलंय.

त्या चाळीस हजारांचं काय झालं ते राहिलं. आप्पांनी त्याच दिवशी वहीत माझ्या नावाचं पान उघडलं. घरच्या माणसाचं पान आमच्या वहीत कधी नव्हतं. त्यात लिहिलं, ‘जमा ४०,०००’. मी म्हटलं, आप्पा, हे काय, मला नकोत परत. ते म्हणाले, “व्यवहार हाय. गप बस.” दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवर चार हजार यायचे. दहा महिने. एकदा सहा तारखेला आले, तर आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, “उद्या पाठवतो रे, आज गल्ला कमी झालाय.”

माझं लोन २०२५ च्या फेब्रुवारीत संपलं. आईचे फोन मी आता नऊलाच घेतो, आणि कधीकधी तीच म्हणते, ठेव आता, सिरियल लागलीय.

चला, आज एवढंच. पुढच्या वेळी पहिल्या पगारात टर्म इन्शुरन्स घ्यावा का यावर बोलू, बऱ्याच जणांनी विचारलंय. आणि ज्यांनी मघाशी ऑटो-पेची सेटिंग बघितली नाही, त्यांनी बघा. भेटू.