धातूच्या पोटांतील तंतु

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें गांव आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळें त्याचें नांव दूरवर पोंचलेलें आहे. या मुलखांत मातीची भिंत लिंपावयाची झाल्यास चिखलांत भुसकट किंवा गव्हाचें काड मिसळून तो तुडविण्याची रीत जुनी आहे. नुसती माती वाळतांना भेगाळते. काड मात्र भेगेच्या दोन्ही कांठांना धरून ठेवतें. अशा संगतीनें पदार्थ सबळ होतो, हें शेतकऱ्यास प्रयोगशाळेवांचून ठाऊक होतें.

धातूंत तंतु घालण्याची विद्या याच तत्त्वावर उभी आहे. ॲल्युमिनियम हलकें खरें, परंतु ताणाखालीं लवकर लांबणारें. बोरॉनचा तंतु त्याच्या पांचपटींहून अधिक ताठ, परंतु ठिसूळ. दोन्ही समप्रमाणांत एकत्र केल्यास तंतूच्या दिशेनें ताठपणा नुसत्या ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक भरतो. 1981 ते 2011 या काळांत उड्डाणें केलेल्या अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या मधल्या धडांत अशा 243 नळ्या बसविल्या होत्या. त्यामुळें सुमारें 145 किलोग्रॅम वजन वांचलें. जपानांत टोयोटा कंपनीनें 1983 मध्यें डिझेल इंजिनाच्या दट्ट्यांत ॲल्युमिनाचे आंखूड तंतू घातले. हेतु हा कीं, कडीची खांच लवकर झिजूं नये.

हा पदार्थ घडविण्याच्या मुख्य रीती दोन. धातूचे पातळ पत्रे व तंतू यांचे थर रचून ते उष्णतेनें व दाबानें सांधणें, ही एक. तंतूंच्या जुडग्यांत वितळलेला धातु दाबानें शिरविणें, ही दुसरी. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतें. त्या तापांत कार्बनचे तंतू अधिक वेळ राहिले तर ॲल्युमिनियमचें कार्बाइड तयार होतें. तें ठिसूळ असून दमट हवेंत बिघडतें. उलट, ताप किंवा वेळ कमी पडल्यास सांधा जुळत नाहीं आणि तंतु धातूंतून उपटून येतो. या दोहोंच्या मध्यें कारागिराचें सर्व कौशल्य असतें.

परीक्षेचें महत्त्व याहून मोठें. बोरॉन-ॲल्युमिनियमची पट्टी तंतूंच्या दिशेनें ओढली असतां ती जेवढा भार सोसते, त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शानेंच ती आडवी ओढल्यास तुटते. केवळ पहिला आंकडा छापला, तर तो खोटा नसूनही फसविणारा ठरतो. म्हणून नमुना उभा, आडवा व तिरपा ओढावा लागतो. लक्षावधि वेळां हलके हिसके देऊन पाहावा लागतो. तो पुनःपुन्हा तापवून थंडहि करावा लागतो. कारण उष्णतेनें धातु प्रसरण पावतो, कार्बनचा तंतु जवळजवळ प्रसरत नाहीं, आणि मधल्या सांध्यास ओढ बसते. आंतल्या पोकळ्या श्रवणातीत ध्वनिलहरींनीं शोधतात.

ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठीं नागपुरास 1989 पासून स्वतंत्र केंद्र आहे. परभणीकडील एखादा विद्यार्थी पुढें या शास्त्राकडे वळला, तर बळाचा आंकडा समोर येतांच त्यानें प्रथम विचारावें: नमुना ओढला तो कोणत्या दिशेनें? यंत्रांत बसणाऱ्या माणसांचे प्राण त्या उत्तरावर अवलंबून असतात.