खेळाडूचे मन आणि शिक्षकाचे कर्तव्य



शाळेच्या पटांगणात वाऱ्यासारखी धावणारी मुलगी तालुक्याच्या सामन्यात पहिल्याच क्षणी अडखळते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. चार दिवसांत तिच्या पायांतील बळ नाहीसे झालेले नसते. मैदानाची लांबीरुंदीही तीच असते. बदललेले असते ते तिचे मन. तथापि सामन्याची तयारी करून घेताना पायांकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके मनाकडे पुरविले जात नाही.

या विषयाचा शास्त्रीय विचार बराच जुना आहे. १८९८ साली अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट या अभ्यासकाने ४० मुलांना गळाची फिरकी फिरवावयास दिली. कधी एकट्याने, कधी दुसऱ्याशी चढाओढ करून. चढाओढीमुळे २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांवर विशेष परिणाम झाला नाही, आणि उरलेल्या १० मुलांचे काम उलट बिघडले. पुढे १९०८ साली यर्क्स व डॉडसन यांना उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, काम अवघड असेल तेव्हा उत्तेजना फार वाढविल्यास शिकण्यात अडथळा येतो. उंदरांवरून मुलांविषयी निष्कर्ष जपूनच काढावयास हवा. परंतु ‘जीव तोडून खेळा’ असे सर्वांना एकाच सुरात ओरडून सांगणे सर्वांनाच मानवत नाही, एवढे निश्चित.

धाराशिव जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा खो-खो हाच खेळ पाहावा. आठ गडी मधल्या पट्टीत आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो. पाठीमागून स्पर्श व ‘खो’ हा शब्द मिळाल्याखेरीज बसलेल्याने उठावयाचे नसते. आणि एकदा घेतलेली दिशा खांब येईपर्यंत सोडावयाची नसते. शरीर झेप घेण्यास आतुर, आणि मन मात्र आवरून धरलेले, अशी ही कसोटी आहे. भेदरलेले मूल खो मिळण्यापूर्वीच उठते. नियम त्याला पाठ असतो. त्या क्षणी तो आठवत नाही, इतकेच. पळणारे गडी तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात. शेवटच्या तुकडीतील मूल कडेला बसून सोबत्यांना बाद होताना पाहते आणि मैदानात पाऊल टाकण्यापूर्वीच मनाने थकून जाते.

यावरील उपायांना पैसा लागत नाही. थांबलेल्या मुलांना सावकाश श्वास घ्यावयास व त्याहून सावकाश सोडावयास शिकवावे. डोळे मिटून आपली धाव, आपले वळण, आपला खांब मनातल्या मनात पाहण्याची सवय लावावी. सूचना थोडक्यात व काय करावयाचे ते सांगणारी असावी; ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने भीतीच आठवते, ‘खो ऐक’ म्हटल्याने कान जागा होतो. सरावाच्या वेळी इतर वर्गांतील मुलांना भोवती उभे करून टाळ्या व आरोळ्या चालू द्याव्यात. म्हणजे सामन्यातील गलबला अनोळखी वाटणार नाही.

परंतु मनावरील सर्वच ओझे मैदानावर निर्माण होत नाही. या जिल्ह्याची कन्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक मिळविले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. त्याच २०१६ सालात घरच्या ओढगस्तीने खचून तिने खेळ सोडण्याचा निर्णय घेतला होता. एकेकाळी दिवसाकाठी एकाच जेवणावर राहिलेली ही मुलगी होती. तिची समजूत घालण्यात आली, ती मैदानावर परतली, आणि तेथूनच तिचे दिवस पालटले, असे तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी सांगितले आहे. चपळाई तिच्या अंगी होतीच. त्या वेळी गरज होती ती तिचे ऐकून घेणाऱ्या माणसाची.

अशी मुले प्रत्येक शाळेत आहेत. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून आजीजवळ राहणारे मूल सरावाला उशिरा येते, किंवा उपाशी येते. त्याला रांगेबाहेर उभे करण्यापूर्वी ‘बाळ, जेवलास का?’ एवढे विचारावे. पराभवानंतर सर्वांदेखत कोणाचाही दोष काढू नये. काय जमले ते आधी सांगावे, काय सुधारावयाचे ते दुसऱ्या दिवशी एकट्याला सांगावे. मूल कित्येक दिवस गप्प व खिन्न राहिले, तर खेळ बाजूला ठेवून पालकांना भेटावे व वैद्यकीय सल्ला घ्यावयास सुचवावे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळवर ७८–४० असा विजय मिळविला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. प्रत्येक विद्यार्थिनी तेथवर पोहोचेल असे नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. मात्र भीतीमुळे वा भुकेमुळे एकही मूल मैदान सोडून जाऊ नये, ही दक्षता प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला घेता येईल. पदक एखाद्यालाच मिळते. आवरलेले, धीट झालेले मन सर्वांना जन्मभर पुरते.