ख्रिस्ती वर्षाचे ऋतू



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "आमच्या पंचांगाविषयी बोलतो." ते जरा घोटाळले. मी ज्योतिषावर बोलणार, अशी त्यांची समजूत झाली असावी. कॅथलिक माणसाला पंचांग असते, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटते. आमचा एक नाताळ सर्वांना ठाऊक असतो, कारण त्या दिवशी केक मिळतो. बाकीचे अकरा महिने आम्ही काय करतो, ते आज थोडेसे सांगावयाचे आहे.

नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. परंतु आमचा खरा मोठा सण ईस्टर, आणि तो चंद्रावर चालतो. २१ मार्च किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. हा सण सर्व ख्रिस्ती जगाने एकाच रविवारी पाळावा, असे इ. स. ३२५ मध्ये निकेआच्या धर्मपरिषदेने ठरविले. गणिताची रीत पुढे हळूहळू स्थिरावली. चर्चची पौर्णिमा कोष्टकातली असते, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी तिचा कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. तरीही आपण घरी जाऊन भिंतीवरची दिनदर्शिका चाळून पाहा. २०२३ साली हनुमान जयंती गुरुवारी ६ एप्रिलला होती आणि त्याच आठवड्याच्या रविवारी, ९ एप्रिलला, ईस्टर आला. २०२४ साली २५ मार्चला रंग उडाले आणि ३१ मार्चला आमचे पुनरुत्थान झाले. आपला आणि आमचा चंद्र एकच आहे, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

ईस्टर कधी पुढे, कधी मागे सरकतो, आणि त्याच्याबरोबर वर्षाचा मोठा भाग सरकतो. आमचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो, तेव्हा ते सुरू होते. मग नाताळ, मग थोडे साधे आठवडे, मग राखेचा बुधवार आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ, मग ईस्टरचे पन्नास दिवस, आणि पेंटेकॉस्टनंतर पुन्हा पावसाळाभर साधे आठवडे. धर्मगुरूंच्या झग्याचा रंग पाहिला की अडाणी म्हातारीलाही काळ कळतो: जांभळा तयारीचा व पश्चात्तापाचा, पांढरा आनंदाचा, तांबडा रक्ताचा आणि पवित्र आत्म्याचा, हिरवा नेहमीचा.

आता एक अडचण सांगतो. हे ऋतू भूमध्य समुद्राच्या काठी आणि युरोपात घडले. तिकडे आगमनकाळ म्हणजे लांबलेली रात्र आणि बर्फ. मी वसईचा. आमच्याकडे १५३४ साली पोर्तुगीज आले आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. त्यांनी आणलेले पंचांग मात्र राहिले. आमच्या आगमनकाळात नवा तांदूळ घरात आलेला असतो, हवा सुखाची असते, आणि प्रकाशाची वाट पाहावी असा अंधार कोठेच नसतो. तेव्हा लोकांनी काय केले? रोमने सांगितलेले पाळलेच, आणि जे कमी पडले ते आपल्या शेतातून आणले. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. आमच्या उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन लोकांत ऑक्टोबरात आगेरा होतो. भाताच्या लोंब्या देवळात नेऊन त्यांना आशीर्वाद घ्यावयाचा. रोमच्या पंचांगात हे सण शोधू नका. विद्वानांना त्यात भेसळ दिसते. मला त्यात अक्कल दिसते.

उपवासकाळाविषयी मात्र मी आमच्याच लोकांवर थोडा रागावणार आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि ती कपाळाला लावून, तू माती आहेस, याची माणसाला आठवण देतात. येथपर्यंत सर्व गंभीर असते. नियमांची गोष्ट निराळी. पूर्वी ते कडक होते. १९६६ साली सहावे पोप पॉल यांनी ते सैल केले. आता सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तेही अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या धडधाकट माणसांना. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. ज्यांच्या दारात समुद्र आहे, त्यांनी मटण सोडून पापलेटाचे कालवण ओरपावयाचे आणि त्याला प्रायश्चित्त म्हणावयाचे, हा व्यवहार देवाला कितपत पटत असेल कोण जाणे. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याचे जे होते, तेच हे.

माझी आजी शुक्रवारचा हिशेब निराळा ठेवी. उपवासकाळात ती रोज शिजवावयाच्या तांदळातून एक मूठ काढून कोपऱ्यातल्या मडक्यात टाकी. मूठ आपल्या वाट्याची, पाहुण्याची नव्हे. पवित्र सप्ताहात ते मडके पाड्यावरच्या एका घरी जाई. कोणाच्या ते तिने आम्हाला कधी सांगितले नाही. तिला अक्षरओळख नव्हती. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होत असे, त्यातले तिला अक्षर कळत नसे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचून १६१६ साली राचोलला छापली होती. तरी देवळातली मुख्य उपासना मराठीत यावयाला दुसरी व्हॅटिकन परिषद आणि १९६३ सालचा तिचा उपासनेविषयीचा ठराव उजाडावा लागला. आजी तोवर थकली होती. पण उपवास कशासाठी असतो, हे तिच्याइतके नीट मला नंतर कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

आता जरा घरचे सांगतो. वडील गेल्यावर माझा आणि थोरल्या भावाचा एका बांधावरून आणि विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला. दावा लागला. चार वर्षे आम्ही बोललो नाही. देवळातही तो डाव्या बाजूला बसे, मी उजव्या. १९९४ सालच्या पवित्र गुरुवारी फादरांनी पाय धुण्यासाठी बारा जण निवडले. ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. (तेव्हा बाराही पुरुषच असत, २०१६ पासून स्त्रियांनाही घेण्याची मुभा झाली, तीही उशिराच.) फादर गावात नवे होते. त्यांनी आम्हा दोघांना एकाच बाकावर शेजारी बसविले. त्यांना ठाऊक नव्हते, की चांगले ठाऊक होते, हे मला अजून कळलेले नाही. त्यांनी गुडघे टेकून दादाच्या भेगाळलेल्या टाचा धुतल्या, पुसल्या, मग माझ्या. मी खाली पाहत होतो. आमच्या दोघांच्या पायांना एकाच शेतातली माती लागलेली होती. त्या दिवशीही आम्ही बोललो नाही. उगीच खोटे कशाला सांगू?

गुड फ्रायडेला जगात कोठेही मिस्सा होत नाही. घंटा गुरुवारी रात्रीच मुक्या झालेल्या असतात. त्यांच्या जागी लाकडाचा खटखटा वाजतो. शनिवारी रात्री देवळाबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवितात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येक जण आपली पेटवून शेजाऱ्याला ज्योत देतो. हा विधी कितीतरी शतके शनिवारी सकाळी, भर उजेडात उरकला जाई. बारावे पोप पायस यांनी १९५१ साली तो रात्री परत नेला, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. कारण त्या रात्री वारा होता. दादाची मेणबत्ती दोनदा विझली. दुसऱ्यांदा त्याने इकडेतिकडे पाहिले. जवळ पेटती माझीच होती. तो आला, मेणबत्ती पुढे केली आणि म्हणाला, "जरा वाऱ्याच्या आड धर." चार वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले वाक्य.

दावा त्यानंतरही दोन वर्षे चालला. वकिलांचे पंचांग निराळे असते. ईस्टरचे पन्नास दिवस संपले, पेंटेकॉस्ट झाला, पाऊस पडला आणि फादरांनी पुन्हा हिरवा झगा काढला. या साध्या आठवड्यांविषयी प्रवचनात फारसे कोणी बोलत नाही. वर्षात ते तेहतीस-चौतीस असतात, म्हणजे आयुष्याचा बराच भाग त्यांतच जातो. त्या वर्षी आमच्या लावणीला बाया कमी पडल्या. दुपारी पाहतो तो वहिनी पदर खोचून, आपल्या दोन्ही सुनांना घेऊन, वादातल्याच बांधावरून खाली उतरत होती. दादा मागे भाकऱ्यांची पाटी घेऊन उभा होता आणि आमची रोपे फार दाट लागत आहेत, असे मोठ्याने सांगत होता.