पल्ल्याचा प्रश्न आणि पान्याचा प्रश्न
(धावडा, ता. भोकरदन येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



व्याख्यानमालेत संतसाहित्य असावं, इतिहास असावा, फार तर शेतमालाचा भाव असावा; मोटारसायकल कशाला, असं कुणाला वाटलं असेल तर त्यांनी सभेबाहेर लागलेल्या गाड्यांची रांग पाहावी. अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेल्या या भागात दूध डेअरीवर जातं ते मोटारसायकलवर, पोरगी कॉलेजला जाते ती मोटारसायकलवर, आजारी माणूस भोकरदनला नेतात तो दोघांच्या मधे बसवून मोटारसायकलवर. मिरचीच्या हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात गोणी पोहोचते तीही पुष्कळदा याच वाहनावरून. एसटी आणि ट्रॅक्टर यांच्या मधली सगळी जागा या दोन चाकांनी भरून काढली आहे. म्हणून पेट्रोलची गाडी जाऊन विजेची यावी का, हा शहरी हौसेचा विषय राहत नाही. तो घरखर्चाचा विषय होतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विजेच्या मोटारसायकलबद्दल आपण जी भीती सगळ्यात जास्त बोलून दाखवतो, म्हणजे ‘वाटेत चार्जिंग संपलं तर?’, ती खेड्यासाठी सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. खरी अडचण पल्ल्याची नाही, पान्याची आहे. गाडी बिघडली तर पाना घेऊन तिला हात लावणारा माणूस किती अंतरावर आहे, यावर सगळं ठरणार आहे.

आधी बाजार काय सांगतो ते पाहू. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साडेअकरा लाखांच्या आसपास विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या. एकूण दुचाकींच्या सुमारे सहा टक्के. आकडा लहान नाही. पण त्यात जवळपास सगळ्या स्कूटर आहेत. आणि त्याच वर्षी देशात एकूण मोटारसायकली विकल्या गेल्या सव्वा कोटीच्या घरात, स्कूटर सत्तर लाखांच्या आत. म्हणजे देश ज्या वाहनावर जास्त बसतो, त्यात वीज अजून जेमतेमच शिरली आहे. याला कारणं आहेत. शंभर सीसीची मोटारसायकल मुळातच लिटरला साठ किलोमीटर देते, स्कूटर चाळीस-पंचेचाळीस. त्यामुळे पेट्रोल सोडून मिळणारी बचत स्कूटरवाल्याला जास्त दिसते. स्कूटरच्या पायाखालच्या आणि सीटखालच्या पोकळीत बॅटरी सहज बसते, मोटारसायकलच्या सांगाड्यात ती टाकी आणि इंजिनाच्या जागी कोंबावी लागते. तिसरं कारण तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही: स्कूटरचं चाक लहान, दहा-बारा इंचांचं. ते खड्ड्यात उतरतं. मोटारसायकलचं सतरा-अठरा इंचांचं चाक तोच खड्डा ओलांडून जातं. शेतरस्त्यावर आणि ओल्या काळ्या मातीत स्कूटर का चालत नाही, याचं उत्तर तिथं आहे. तेव्हा ‘विजेची गाडी खेड्यात चालत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर त्यानं एवढंच पाहिलेलं असतं की शहरी स्कूटर खेड्यात चालत नाही. ती तर पेट्रोलचीही चालली नाही.

आता पल्ला. गाडीला लागणारी शक्ती मुख्यतः हवेला कापण्यात जाते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरनं चालणाऱ्या मोटारसायकलला एका किलोमीटरला ढोबळमानानं २५ वॉट-तास लागतात; ६० ला गेलात की ३५ ते ४०; ८० ला साठच्या आसपास. बाजारात २०१९ पासून असलेल्या रिव्होल्ट आरव्ही-४०० या विजेच्या मोटारसायकलची बॅटरी ३.२४ युनिटची आहे. जाहिरातीतला दीडशे किलोमीटरचा आकडा संथ वेगाचा. ताशी साठनं ती ऐंशीच्या आसपास जाईल, ऐंशीनं पिटाळली तर पन्नास-साठमध्ये दम सोडेल. धावड्याहून भोकरदनला किंवा बुलडाण्याला जाऊन येणं शंभर किलोमीटरच्या आत बसतं, म्हणजे बेतानं चालवणाऱ्याला जमतं. जालन्याला जाऊन येणं एका चार्जमध्ये बसत नाही, हे सरळ मान्य करावं. पण जालन्याची फेरी रोजची नसते. घाटाचा बाऊ तर विनाकारण केला जातो. गाडी, दोन माणसं आणि थोडं सामान मिळून तीनशे किलो वजन दोनशे मीटर उंच चढवायला बॅटरीतून साधारण पाव युनिटपेक्षाही कमी वीज जाते. सपाटीवरच्या पाच-सहा किलोमीटरइतकाच तो खर्च. आणि उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून त्यातला काही भाग परत देते. पेट्रोल इंजिन उतारावर तुम्हाला काहीच परत देत नाही.

इथं मोजायची पद्धतच बदलावी लागते. टाकीचा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे: टाकी भरली की दोन-चारशे किलोमीटर विसरायचं. पण बैलजोडी न खाता किती कोस जाईल, असा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. जोडी संध्याकाळी गोठ्यात येते आणि दावणीला वैरण असते. विजेच्या गाडीचा हिशेब तसा, मुक्कामाचा आहे. आणि मुक्कामाच्या बाबतीत पुण्या-मुंबईपेक्षा धावडा श्रीमंत आहे. तिथं चौथ्या मजल्यावरच्या माणसाला तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळवायला सोसायटीची परवानगी लागते. इथं गाडी अंगणात किंवा ओसरीवर उभी असते आणि बोर्ड हाताशी असतो. मोटारसायकलच्या चार्जरला सात-आठशे वॉट लागतात, इस्त्रीइतके. तिला चार्जिंग स्टेशन लागत नाही. ते लागलं तर कारला लागतं. ‘पण लाइटच नसते’, हा आक्षेप येणारच. शेतीपंपाचा फिडर आणि गावठाणाचा फिडर वेगळा झाल्यापासून आठ तासांची पाळी पंपाला असते. घरात सिंगल फेज बहुतेक वेळ असते. चार-पाच तासांचं चार्जिंग रात्रीच्या बारा तासांत तुकड्यातुकड्यानं झालं तरी बॅटरीचं काही बिघडत नाही. वादळात दोन दिवस खांब पडून राहिले तर मात्र गाडी उभी राहील. तेवढ्या दिवसांची दुसरी सोय घरात असावी.

पैशाचं गणित मांडताना उदार न होता मांडू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि साठचं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला पावणेदोन रुपये. विजेच्या गाडीला चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला ४० वॉट-तास, आणि युनिट अकरा रुपयांचं धरलं तरी पंचेचाळीस पैसे. फरक एक रुपया तीस पैसे. रोज चाळीस किलोमीटर, वर्षात तीनशे दिवस, म्हणजे बारा हजार किलोमीटर आणि पंधरा हजार सहाशे रुपये. शिवाय इंजिन ऑइल, क्लच प्लेट, प्लग, कार्बोरेटरची साफसफाई गेली. पण जो दिवसाला दहाच किलोमीटर फिरतो त्याची बचत वर्षाला चार हजारांवर जात नाही. त्यानं केवळ पैशासाठी गाडी बदलू नये. गंमत अशी की जो जास्त फिरतो तोच पल्ल्याला घाबरतो, आणि फायदा त्याचाच सगळ्यात मोठा आहे. दुधाची रोजची फेरी करणारा, तालुक्याला नोकरीला जाणारा, गावोगाव वसुलीला किंवा लसीकरणाला जाणारा. यांचे रस्ते ठरलेले, अंतर ठरलेलं, परत येणं ठरलेलं.

खरेदीच्या किमतीत मात्र अलीकडे वारं उलटं फिरलं आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या फेम-२ योजनेतून बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे पंधरा हजार रुपये अनुदान मिळत होतं. जून २०२३ मध्ये ते दहा हजारांवर आणलं, पुढे पाच हजार, मग अडीच हजार. राज्याच्या २०२५ च्या धोरणानं दुचाकीला दहा हजारांपर्यंत हात दिला आहे. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे तीही स्वस्त झाली. विजेच्या गाडीवर तो पाच टक्के आहेच. रिव्होल्टच्याच आरव्ही-१ सारखी लहान बॅटरीची गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये पंच्याऐंशी हजारांच्या आसपास आली, तेव्हा किमतीतली दरी अगदी रुंद राहिलेली नाही. पण चार युनिटच्या बॅटरीची दमदार मोटारसायकल अजूनही शंभर सीसीच्या गाडीपेक्षा बरीच महाग पडते. पुण्याच्या टॉर्क मोटर्सनं २६ जानेवारी २०२२ ला आणलेली क्रॅटोस त्याच वर्गातली. कंपनीचे संस्थापक कपिल शेळके यांनी २००९ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरच्या विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत आपली गाडी उतरवली होती. म्हणजे महाराष्ट्रात या विषयाचं डोकं नव्हतं असं नाही. ते शर्यतीच्या दिशेनं आधी गेलं, ओझ्याच्या दिशेनं उशिरा.

ओझ्याच्या दिशेनं गेलेलं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. १९७२ मध्ये कायनेटिकनं काढलेली लुना कुणाला आठवत नाही? फेब्रुवारी २०२४ मध्ये ती विजेवर परत आली. ती मोटारसायकल नव्हे, मोपेड. वेग ताशी पन्नास, पहिल्या मॉडेलची बॅटरी पावणेदोन युनिटच्या आतली. पण चाकं मोठी, पुढची जागा मोकळी, आणि दीडशे किलो ओझ्याचा कंपनीचा दावा. रस्त्यावरून वेगानं जाण्यात तिचा मान नाही, हे तरुणांना आवडणार नाही. तरी दुधाचे कॅन आणि चाऱ्याच्या पेंढ्या वाहण्याचा प्रश्न ज्यांनी समोर ठेवला, त्यांनी तो ताशी शंभरच्या नादी न लागता सोडवला, हे लक्षात घ्यावं.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात आणि सरळ बोलतो, कारण या बाबतीत भाबडेपणा फार चालतो. आपली वीज अजून बहुतांशी कोळशाची आहे. एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबानं, तारांमधली गळती धरून, विजेची मोटारसायकल किलोमीटरला तेहतीस ग्रॅमच्या आसपास पडते, आणि साठचं अॅव्हरेज देणारी पेट्रोलची अडतीस. पृथ्वी वाचवल्याचा अभिमान बाळगावा एवढा हा फरक नाही. छपरावर सौरपॅनल असेल तर गोष्ट वेगळी: एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, आणि चाळीस किलोमीटरला लागतात दीड-पावणेदोन. गावातल्या हवेत धूर आणि आवाज कमी होईल हे खरं. मात्र आवाज नसणं ही मोठी जबाबदारीही आहे. वळणावरचं जनावर आणि रस्त्यात खेळणारं पोर गाडीच्या आवाजावर बाजूला होतात. मुकी गाडी चालवणाऱ्यानं वस्तीतून हॉर्नच्या भरवशावर जाऊ नये, वेग कमी करावा.

आगीची भीतीही खोटी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह काही शहरांत विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यानंतर केंद्रानं बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तेव्हा त्याआधी बनलेली स्वस्त जुनी गाडी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. उन्हात उभी केलेली गाडी आल्या-आल्या चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य कमी करणं. सावली, तासभर विश्रांती आणि रात्रीचं चार्जिंग एवढी शिस्त पुरते. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर आणि उघड्या वायरीच्या जोडावर चार्जर लावू नये, हे मात्र दहादा सांगावं लागेल, कारण घराघरातल्या वायरिंगची अवस्था सगळ्यांना माहीत आहे.

आता पान्याकडे येतो. शंभर सीसीची मोटारसायकल खेड्यात जिंकली ती अॅव्हरेजवर जिंकली असं सगळे म्हणतात. ते अर्धं खरं आहे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली, तिनं पेट्रोल वाचवलं. पण ती टिकली, कारण दहा वर्षांत प्रत्येक मोठ्या गावात तिचं इंजिन उघडणारा फिटर तयार झाला आणि प्रत्येक बाजारपेठेत तिची क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल मिळू लागली. अस्सल नाही तर डुप्लिकेट, पण मिळू लागली. विजेच्या गाडीत बिघडणारे भाग कमी आहेत, हे कंपन्या सांगतात आणि ते खरंही आहे. टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर हे आपला फिटर आजही करील. पण जे बिघडतं ते कंट्रोलर, चार्जर, बॅटरीतली देखरेख करणारी यंत्रणा किंवा पाणी शिरलेला एखादा कनेक्टर. त्यातलं निम्मं सॉफ्टवेअरच्या कुलपात असतं. कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष काय तेही कळत नाही, आणि तो लॅपटॉप जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. चालत्या गाडीचा पल्ला ऐंशी किलोमीटर आहे की शंभर, यानं दुधवाल्याचं अडत नाही. बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून जालन्याला न्यायची आणि सुट्या भागासाठी आठवडे थांबायचं, यानं अडतं. दूध आठवडाभर थांबत नाही.

यावर असं म्हटलं जातं की गाड्या वाढल्या की फिटर आपोआप तयार होतील, सीडी-१०० च्या वेळी झाले तसे. मला हे पटत नाही. त्या वेळी इंजिन उघडून शिकता येत होतं. लोखंड लपवाछपवी करत नाही. कंट्रोलर रेझिनमध्ये ओतून बंद केलेला असतो आणि त्याची माहितीपुस्तिका बाहेर मिळत नाही. हे आपोआप होणार नाही, मागावं लागेल. ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन उद्योगही धरला आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं आणि गॅरेजच्या फिटरला निदानाचं साधन विकत मिळणं यात अंतर आहे. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आता आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला एथर या विजेच्या स्कूटरच्या कंपनीचा कारखाना येऊ घातला आहे, वाळूजला बजाजचा १९८५ पासून आहे. गाड्या आपल्याच मराठवाड्यात बनणार असतील तर तालुक्याला एक प्रशिक्षित माणूस आणि सुट्या भागांचा साठा, एवढी मागणी ग्रामपंचायतींच्या ठरावातून जाणं अवाजवी नाही. सरकारचं अनुदान गाडी विकणाऱ्याला मिळतं. त्यातला थोडा भाग गाडी दुरुस्त करणाऱ्याला मिळाला असता तर खेड्यात जास्त गाड्या दिसल्या असत्या.

शेवटचा आक्षेप बाजारातल्या अनुभवी माणसांचा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पेट्रोलची पाच वर्षं वापरलेली गाडी अडीनडीला तासाभरात विकता येते. खतासाठी, दवाखान्यासाठी, लग्नासाठी. विजेच्या जुन्या गाडीला भाव द्यायला व्यापारी कचरतो, कारण गाडीच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि तिच्यात किती जीव उरला हे वरून दिसत नाही. कंपन्यांची हमी तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत आहे. घेताना तीच आधी वाचावी आणि ती दुसऱ्या मालकाच्या नावावर जाते का हे लेखी विचारावं. बॅटरीची उरलेली क्षमता गाडीच्या यंत्रणेला माहीत असते, तिचा छापील दाखला मालकाला मागताक्षणी मिळाला पाहिजे. तो मिळेपर्यंत ज्याच्या दारात एकच गाडी आहे त्याला मी पेट्रोलची विकून टाक असं म्हणणार नाही. ज्याच्या दारात दोन आहेत आणि दुसरी जुनी झाली आहे, त्यानं तिच्या जागी विजेची घ्यायला हरकत नाही. फक्त शोरूममध्ये पल्ला किती हे विचारण्याआधी, भोकरदनला कंट्रोलर कोण बदलतो आणि किती दिवसांत, हे विचारावं.