वहिवाट आधीची, कागद नंतरचा
(लोणंद येथे प्रभाग संघाच्या बैठकीत झालेले भाषण)

बायांनो, कर्जाचे हप्ते आज थोडे बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते सातबारा नसलेल्या हक्काबद्दल.

आपल्या खंडाळा, फलटण, माणकडचे मेंढपाळ पाऊसकाळ सरला की घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरं. "या रानात चारायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?" असं कोणी विचारलं की आपण गप्प. कारण जवळ कागद नाही.

ऑस्ट्रेलियात तर इंग्रजांनी अख्खा मुलूखच 'कोणाचाच नाही' असं ठरवलं होतं. तिथं हजारो वर्षं राहणारी माणसं जणू नव्हतीच! मरे बेटावरचे एडी माबो आणि त्यांचे सोबती १९८२ साली कोर्टात गेले. कोणाची बाग कुठं संपते, ती वाडवडिलांकडून कशी आली, हे बेटावरच्या लोकांनी साक्षीत सांगितलं. ३ जून १९९२ ला तिथल्या सर्वोच्च कोर्टानं मान्य केलं की हा हक्क इंग्रजांच्या आधीचा आहे आणि ते आले म्हणून तो आपोआप बुडत नाही. माबो मात्र निकालाच्या सुमारे साडेचार महिने आधीच वारले होते.

आपल्याकडे याच्या जवळचा कायदा म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. तोही हक्क नव्यानं देत नाही, आधीपासूनचा हक्क मान्य करतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तोवर आपल्याच रानातला बांबू त्यांना विकता येत नव्हता.

"ते आदिवासींचं, आपलं काय?" असं म्हणू नका. जंगलावर पोट असलेल्या इतर समाजांनाही हा कायदा लागू आहे. भटक्या पशुपालकांची चराई, हंगामी ये-जा त्यात स्पष्ट लिहिली आहे. अट मात्र कडक आहे: १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते.

ती दाखवायची कशी? इथं बायकांचं काम सुरू होतं. पाल कुठं पडायचं, पाणी कुठल्या झऱ्याचं, कुठल्या मुक्कामाला कोण बाळंत झाली, हे म्हाताऱ्या आयाबायांना पुरुषांपेक्षा जास्त आठवतं. वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर कायद्यात तो पुरावा आहे. मात्र एकट्या त्यावर भागत नाही, किमान दोन पुरावे लागतात. पेटीत जुनी दंडाची पावती असेल तर फाडू नका. मेंढरं त्या रानात जात होती, हे सरकारनंच त्यावर लिहून ठेवलंय.

दावा वनहक्क समितीकडे जातो, ठराव ग्रामसभा करते. या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. तेवढ्या नसतील तर गणपूर्तीच होत नाही. म्हणून "तुम्ही घरी थांबा, सही आणून देतो" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. कसण्याच्या वनजमिनीचा पट्टा असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. एकटीचं घर असेल तर एकटीच्या नावे. तो विकता येत नाही, वारसाला जातो. पट्टा हाती आला की आधी आपलं नाव वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या लिहित्या बाईकडून.

आणखी एक. मेंढपाळांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतानाच व्हावी, असा नियम २००८ पासून आहे. वाडा कोकणात असताना इकडे तपासणी उरकली तर लेखी हरकत घ्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात.

ज्यांच्या घरचा वाडा दरवर्षी खाली जातो त्यांनी सासूबाईंना, आजीला सोबत घेऊन पुढच्या बैठकीला यावं. वही आणि पेन संघाचं.