आधी फोटो, मग पॉलिश पेपर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

संयोजकांनी मला 'हिंसेनंतरचं पुनर्वसन' हा विषय दिला आहे. मी मात्र एका सायकलबद्दल बोलणार आहे. ऐकून झाल्यावर विषय सोडून बोलले असं वाटलं, तर जरूर भांडा.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. नाव सांगत नाही. चार घरी स्वयंपाक करते, पहिलं घर सकाळी सहाचं. आदल्या रात्री नवऱ्याने तिची सायकल अंगणात आडवी पाडली आणि वरून दगडी पाटा टाकला. एकदा नाही, तीनदा. तिला बोटही लावलं नाही. त्यामुळे ती चौकीत गेली तर तिथे पहिला प्रश्न आला, "तुम्हाला कुठे लागलंय?" तिला काय उत्तर द्यावं ते कळेना. सायकलच दाखवायला हवी होती.

सायकल तिच्या आईची. आई नर्स होती, गावोगाव याच सायकलवरून फिरली. पोलादी नळ्यांची जुनी लेडीज सायकल, काळा रंग, मडगार्डवर सोनेरी रेघ, सळ्यांचे ब्रेक. मुलीच्या लग्नात आईने ती मुलीला दिली. मी पटकन म्हणून गेले, "अहो, मदतनिधीतून नवी घेऊ." ती म्हणाली, "ताई, नवी आणली तर तीही मोडेल. हीच चालवत त्याच्यासमोरून जायचंय मला."

एम.एस.डब्ल्यू.ला आम्ही समुपदेशन शिकलो, केसची नोंद कशी ठेवायची ते शिकलो. लोखंड कसं वाकतं, ते कसं सरळ करतात, हे कुणी शिकवलं नाही. आपल्या घरांतही पाना-पक्कड मुलग्याच्या हातात जाते. आम्ही दुकानात गेलो तर एक जण म्हणाला, "भंगारात द्या." दुसरा म्हणाला, "विजेचं वेल्डिंग मारून देतो." शेवटी एक म्हातारे कारागीर भेटले. पितळेची झाळ मारणारे. ते म्हणाले, "करून देतो, पण शेजारी बसून बघा. पुढच्या वेळी मी असेन-नसेन."

त्यांनी काय शिकवलं ते थोडक्यात सांगते, कारण हे तुमच्याही कामाचं आहे. जुन्या सायकलच्या नळ्या लोखंडी सांध्यात बसवून पितळेने जोडलेल्या असतात. या सांध्याला लग म्हणतात. पितळ सुमारे 900 अंशांना वितळतं, पोलादाला त्याहून खूप जास्त उष्णता लागते. त्यामुळे नळी न वितळता सांध्याच्या फटीत पितळ शिरतं. सोबत टाकणखार लागतो, तो तापल्यावर धातू स्वच्छ ठेवतो. विजेच्या वेल्डिंगने पातळ नळीला भोक पडायची भीती असते. आपल्या सायकलची मागची एक नळी सीटखालच्या सांध्यातून सुटून आत वाकली होती आणि खालच्या नळीला पोचा होता. लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो, त्यामुळे खालच्या नळ्यांवर भार जास्त. तिथे चीर असेल तर ती रंगाखाली लपते. रंग खरवडून, बोट फिरवून, भिंगाने पाहायचं. चीर असेल तर लांबी भरून लपवायची नाही, नळीच बदलायची. आपल्याकडे नुसता पोचा होता.

सांगाडा सरळ आहे का, हे एका दोऱ्याने कळतं. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो तिथे दोरा बांधायचा, हँडलखालच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागे आणायचा आणि बांधायचा. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं आलं पाहिजे. आपलं नऊ मिलिमीटरने चुकत होतं. हळूहळू ओढून, पुन्हा पुन्हा मोजून ते एकावर आणलं. तो दोरा तिनेच धरला होता.

आता आमची चूक. उत्साहाच्या भरात आम्ही सुटलेल्या सांध्यावरचा रंग खरवडला आणि झाळही मारून घेतली. नंतर संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो, तर त्यांनी मोडलेल्या सायकलचे फोटो मागितले. आमच्याकडे होता एक, तोही अंधारातला. मैत्रिणींनो, पुरावा आम्हीच पॉलिश पेपरने घासून काढला होता. शेजारणीने जबाब दिला म्हणून निभावलं.

घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 20 मध्ये बाईच्या ताब्यातल्या वस्तूची मोडतोड झाली, तर त्या नुकसानीची भरपाई मागता येते. आईने दिलेली सायकल हे स्त्रीधन आहे. कामावर जायचं साधन मोडणं हा आर्थिक छळ आहे. म्हणून आधी उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारच्यांचे जबाब, घरगुती घटना अहवालात नोंद, दुरुस्तीची पावती, बुडालेल्या कामाचे दिवस. मग हत्यारं.

रंगाचंही सांगते. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमपर्यंत मर्यादित ठेवायचा नियम 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा. लहान मुलं आणि गरोदर बायका लांब राहू द्या. आधी तारेचा ब्रश, मग 80 आणि 220 नंबरचा पेपर, थिनरने पुसून रेड ऑक्साईडचे दोन पातळ हात. पोच्यात लांबी, मग 400 नंबरचा ओला पेपर, वर इनॅमलचे तीन पातळ हात. आट्यांवर आधीच चिकटपट्टी लावा. पावसाळी हवेत रंग मारू नका. आम्ही घाई केली, पहिला हात पांढुरका पडला, पुन्हा घासावा लागला. आतून गंजू नये म्हणून नळ्यांत जवसाचं तेल फिरवलं. आणि लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तिथे जोर लावून आम्ही एक पाना वाकवला.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 नंतर साक्षरतेच्या चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर त्यांनी जेन्टस् सायकली घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून. चालवायला शिकणं ही पहिली पायरी. मोडलेली उभी करता येणं ही दुसरी, आणि ती आपण आपल्या कार्यक्रमात क्वचितच घेतो.

सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. केस चालू आहे, नवरा तसाच आहे. सायकल रात्री आमच्या केंद्राच्या व्हरांड्यात असते. ती पहाटे साडेपाचला चालत येते, कुलूप काढते आणि कामाला जाते. रंग काळाच ठेवला, सोनेरी रेघ तिने स्वतः ओढली. थोडी वाकडी आली आहे.

दुपारच्या सत्रात आपण एक जुना सांगाडा उघडणार आहोत. बाह्या सरसावून या.