स्मृती यंत्राची, विवेक माणसाचा

(नांदेड-लातूर परिसरातील पालक व शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठवाड्याच्या वाटचालीत शाळेला एक वेगळे स्थान आहे. निजामी राजवटीत मातृभाषेतून शिकणे हीच एक झुंज होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलाला उच्च शिक्षणाची वाट परक्या भाषेतून काढावी लागत होती. अशा काळात स्वामी रामानंद तीर्थ आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक म्हणून उभे राहिले. शाळेत शिकवणारा हा संन्यासीच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि १९९४ साली त्याच नगरीत स्वामीजींच्या नावाने विद्यापीठ उभे राहिले. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य होत. नांदेड आणि लातूर ही शिक्षणाच्या एकाच धाग्याने गुंफलेली नगरे आहेत.

या दोन्ही नगरांपुढे आज एक नवा प्रश्न उभा आहे. ज्या बुद्धीच्या बळावर येथील पोरांनी नाव कमावले, तीच बुद्धी आता यंत्रात आली असे सांगितले जाते. मग मुलांनी शिकायचे तरी काय?

पॅटर्नचे पुण्य

'लातूर पॅटर्न' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शाहू महाविद्यालयात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या शिक्षकांनी ही पद्धत घडवली आणि दयानंदसारख्या संस्थांनी ती जोपासली. तिच्यात जादू कसलीच नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, सुट्टीतही वर्ग घ्यायचे, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून प्रत्येकाची चूक त्याच्या हाती ठेवायची, एवढेच. परंतु त्यामागे शिक्षकांचे अपार कष्ट होते. पुण्या-मुंबईच्या मुलांनी गाजवलेल्या गुणवत्ता यादीत औसा, निलंगा, अहमदपूरकडची नावे झळकू लागली. ज्या घरात दहावीपुढे कोणी गेले नव्हते, त्या घरातून डॉक्टर आणि अभियंते निघाले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या जिल्ह्याला या यशाने मान वर करायला शिकवले. या पॅटर्नची थट्टा करणे सोपे आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला त्याने दिलेली शिडी दुसऱ्या कोणी दिली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्या शिडीचे आज काय झाले आहे, हेही पाहिले पाहिजे. २०२५ साली झालेल्या 'नीट' परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. एका प्रश्नाला एक मिनिट. त्या मिनिटात विचार करायला उसंत नसते. पूर्वी सोडवलेला नमुना ओळखायचा आणि गोल काळा करायचा. त्यासाठी वडील जमिनीचा तुकडा विकतात, आई मुलाबरोबर भाड्याच्या खोलीत येऊन राहते. गुणांची ही ओढ किती अनावर होते, हे २०२४ साली दिसले. नीटमधील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे तेव्हा लातूरपर्यंत येऊन पोहोचले. विद्येच्या नगरीला ही गोष्ट शोभणारी नव्हती.

यंत्र करते तरी काय?

'यंत्र विचार करू शकेल काय?' हा प्रश्न ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली मांडला. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव १९५६ च्या सुमारास अमेरिकेतील डार्टमथ येथील परिषदेने रूढ केले. १९९७ साली संगणकाने बुद्धिबळाचा विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि काही महिन्यांतच त्याच्या पुढच्या आवृत्तीने वकिलीची परीक्षासुद्धा उत्तीर्ण केल्याचे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले.

या यंत्राचे मर्म थोडक्यात असे. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर त्याला पुरवला जातो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचे अब्जावधी बारकावे ते त्यातून टिपते आणि विचारलेल्या प्रश्नापुढे शब्दामागून शब्द मांडत जाते. त्यातून पुष्कळदा अचूक आणि उपयुक्त उत्तर निघते. पण उत्तर चुकले तरी त्याची भाषा तितकीच ठाम असते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी यंत्राने दिलेले निवाड्यांचे दाखले तसेच न्यायालयात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. तो दंड यंत्राला झाला नाही, वकिलांना झाला. शब्द यंत्राचे असले, तरी उत्तरदायित्व माणसाचेच राहते.

स्मृती आणि अनुभव

हा भेद भारतीय विचाराला नवा नाही. न्यायशास्त्र शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' प्रथम दिला जातो. त्यात बुद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्मृती आणि अनुभव. केवळ पूर्वसंस्कारांतून उठते ती स्मृती. डोळ्यांनी पाहून, तर्काने ताडून, साम्य ओळखून किंवा विश्वसनीय माणसाच्या शब्दातून नव्याने मिळतो तो अनुभव. शब्द हे प्रमाण आहे, पण बोलणारा आप्त असेल तर. म्हणजे जे खरे आहे ते जाणणारा आणि तसेच सांगणारा असेल तर. या कसोटीवर यंत्राकडे स्मृतीचा अफाट साठा आहे, आणि तोही दुसऱ्यांच्या अनुभवाचा. त्याला तहान लागत नाही, त्याचे कोणी मरत नाही, दिलेल्या शब्दाला त्याला जागावे लागत नाही. म्हणून त्याचे बोलणे पडताळून घ्यावे लागते, आणि पडताळणाऱ्याजवळ स्वतःचा अनुभव असावा लागतो.

पाठांतराला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. तरीही अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला यास्काचार्यांच्या निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. गीतेनेही बुद्धीची सात्त्विक, राजस आणि तामस अशी प्रतवारी केली ती माहितीच्या मापाने केली नाही. काय करावे आणि काय करू नये हे कळते की नाही, या मापाने केली.

प्रश्नपत्रिकेबाहेरचे प्रश्न

याचा पडताळा लातूरनेच घेतला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. राज्यात अव्वल येणाऱ्या नगरीला प्यायला पाणी नव्हते! उसाखाली किती क्षेत्र असावे, भूगर्भातून किती उपसा करावा, हे प्रश्न कुठल्याही प्रश्नसंचात नव्हते आणि त्यांची उत्तरे चार पर्यायांत बसणारी नव्हती. मग गावातील माणसे एकत्र आली आणि लोकवर्गणीतून मांजरेचे पात्र खोल करण्याचे काम उभे राहिले. ती बुद्धी गुणपत्रिकेवर उमटत नाही.

याच लातूरमध्ये १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभारले. शल्यकर्माचे ज्ञान त्यांनी शिक्षणातून मिळवले. ते ज्ञान मोठ्या शहरात न नेता मराठवाड्यात आणावे, हा निर्णय कोणत्या परीक्षेने शिकवला?

नांदेडचे उदाहरण आणखी बोलके आहे. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत अपयशी ठरले होते. पदवीच्या मोजपट्टीने त्या वेळी कोणी मापले असते, तर हा मुलगा बाद ठरला असता. पुढे तेच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इतिहासापासून सौंदर्यशास्त्रापर्यंतच्या त्यांच्या विवेचनाने अवघा महाराष्ट्र विचार करू लागला. त्यांचे निष्कर्ष ज्यांना मान्य नव्हते, त्यांनाही त्यांच्याशी वाद घालताना अधिक अभ्यास करावा लागला. रूढ समजाला प्रश्न विचारण्याचे धैर्य हे त्यांच्या बुद्धीचे लक्षण होते.

आता काय करावे?

पॅटर्न मोडण्याची गरज नाही. त्यातले कष्ट, शिस्त आणि शिक्षकाची तळमळ जपली पाहिजे. पण ज्या कामात यंत्र माणसाच्या पुढे गेले आहे, त्याच कामासाठी मुलाची सोळा-सतरा वर्षांची कोवळी बुद्धी झिजवत राहणे हा तोट्याचा व्यवहार आहे. सराव परीक्षेत उत्तराबरोबर 'हेच उत्तर का?' असेही विचारले जावे. यंत्राने दिलेला उतारा वर्गात वाचून त्यातील चुका मुलांनी शोधाव्यात. भूगोलाचा एक तास मांजरेच्या वा गोदावरीच्या काठावर व्हावा. आठवड्यातून एकदा मुलांनी आजी-आजोबांकडून मुक्तिसंग्रामाच्या ऐकीव आठवणी, भूकंपाच्या आणि दुष्काळाच्या आठवणी टिपून घ्याव्यात. अजून कोठेही न लिहिलेले हे ज्ञान कोणत्याही यंत्राजवळ नाही. घरात 'किती गुण पडले?' याआधी 'आज कोणता प्रश्न विचारलास?' असे विचारले जावे.

आणि नीटमध्ये थोड्या गुणांनी मागे राहिलेल्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांनी निःशंकपणे सांगावे, की यंत्राशी लावलेल्या शर्यतीत तू मागे पडलास, माणूस म्हणून तुझी परीक्षा अजून व्हायची आहे. स्वामीजींनी ज्या मराठवाड्यात शाळेतून स्वातंत्र्याचे शिपाई घडवले, त्याच मराठवाड्यातील शाळांनी आता यंत्राला कामाला लावणारी, त्याच्या आहारी न जाणारी विवेकी माणसे घडवावीत. लातूरचा पुढचा पॅटर्न हाच असावा.